चौथ्या मजल्यावरची टोपली

प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. चहाला आलेल्या आमच्या मित्राचा, राजीवचा कप ओठांपाशी थबकला होता. इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकमधली फेब्रुवारीतली दुपार आम्ही पडदे ओढून बाहेर ठेवली होती, आणि समोर नेपल्सचं ऊन उजळलं होतं: पिवळी इमारत, चौथा मजला, बाल्कनीत हात हलवत हसणारी माझी पत्नी, सुप्रभा.

मी नुकतंच सांगितलं होतं, की ही स्लाइड मी निघताना खालून काढली. तेव्हा त्या खोलीची किल्ली परत दिलेली होती आणि सुप्रभा माझ्यामागे टॅक्सीत बसलेली होती.

आताही ती माझ्या शेजारीच होती. हात मांडीवर जुळवून.

"वहिनी, दोघी झालात की!" राजीव अखेर म्हणाला. "यशोधन, मजा आहे बुवा तुझी. अरे, डबल एक्स्पोजर असणार, एका फिल्मवर दोन फोटो."



ऑक्टोबरात आम्ही फिरायला गेलो ते नेपल्स मला आजही मोहवतं. बेसिंगस्टोकला नऊ वर्षांत शेजाऱ्यानं हवामानापलीकडे शब्द काढला नव्हता. तिथं दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली आम्हांला ओळखत होती. समोरासमोरच्या घरांमधून ओल्या चादरींचे पूल, तळणीचा वास, मासेवाल्याची भांडणासारखी गाणी, उतारावर अचानक उघडणारा समुद्र, आणि या सगळ्याकडे निवांत पाहत बसलेला ज्वालामुखी. सुप्रभा तिथं मोठ्यानं हसायला लागली. ते हसणं मी लग्नाच्या वर्षानंतर ऐकलंच नव्हतं.

तिथल्या बायका बाल्कनीतून दोरीनं टोपली सोडतात. खालचा दुकानदार तीत पाव, भाजी भरतो. आमच्याकडे मात्र टोपली वरून आली. पहिल्या सकाळी तीत पानांसकट लिंबं होती.

"रिकामी कशी पाठवायची?" सुप्रभा म्हणाली, आणि डब्यातल्या शंकरपाळ्या तिनं रुमालात बांधून ठेवल्या. दोरी हलकेच वर गेली. दुसऱ्या दिवशी अंजिरं आली. तिनं चिवडा दिला. मग ताजा पाव. तिनं वेलदोडे दिले.

आभार मानावेत म्हणून मी जिना चढलो. वर फक्त गच्ची होती. तिच्या दाराच्या कुलपावर गंजाचं जाड साल. घरमालकीण खालून हातवारे करत सांगू लागली: भूकंपापासून, आठ वर्षं, बंद. टोपलीबद्दल विचारल्यावर तिनं माझ्याकडे न बघता जिना झाडायला घेतला.

निघायच्या सकाळी टोपली आली ती रिकामी. आमचेही डबे संपले होते. सुप्रभा कठड्यावरून तिच्यावर ओणवली आणि बराच वेळ तशीच राहिली. मला तिची पाठ तेवढी दिसत होती. दोरी वर जाताना ताणली गेली होती. जड काहीतरी गेल्यासारखी.

"म्हणजे ऑक्टोबरपासून," राजीवची बायको सीमा हळूच म्हणाली. "सुप्रभा, रागावू नकोस हं. दिवाळीत माझा डबा तू रिकामा परत पाठवलास. विसळून, पुसून. मी ह्यांना म्हटलं, ही सुप्रभा नव्हे."

"सीमा, पुरे," राजीव म्हणाला.

मला ते चार महिने आठवले. स्वयंपाक बिनचूक. लायब्ररीतली नोकरी बिनचूक. हाक मारली, की ती मान वळवायची, पण क्षणभर उशिरा. मी थकव्याला दोष दिला, थंडीला दिला. ती परत येईल म्हणून वाट पाहिली. ती तर घरातच होती.

पडद्यावरच्या बाईचा आनंद मला पाहवेना.

"सुप्रभा," मी म्हणालो. "शेवटच्या दिवशी टोपलीत काय ठेवलंस?"

क्षणभर उशिरा तिनं मान वळवली. मुक्काम लांबलेली पाहुणी यजमानाकडे पाहते, तशा अदबीनं तिनं माझ्याकडे पाहिलं. मग राजीवच्या हातातून कप घेतला, माझाही उचलला, आणि आत निघून गेली.