फुलीचं दार

नवऱ्याची भाकरी कल्याणच्या यार्डात पोचवायची, एवढंच सेलेस्टीनचं काम. तिथं कॉस्मास आगगाडीच्या डब्यांची दारं तपासायचा. मूठ पिरगळायची, खांद्यानं रेटायचं; खटका ढिला निघाला तर दारावर खडूची फुली. फुली दिसली की गार्ड ते दार कुलूपबंद करी. एवढ्या भरवशावर माणसं दाराला टेकून बिनघोर झोपत.

त्या दुपारी तीही एका दाराला टेकून उभी राहिली. बोंबील खारट झालेले.

"अख्खी खाडीच ओतलीस गं!" कॉस्मास म्हणाला.

ती पोट धरून हसली. नवी नवरी, नवं निळं लुगडं.

संध्याकाळी बातमी आली. ठाकुर्लीच्या वळणावर दार उघडलं, आणि त्याला टेकून झोपलेली भाजीवाली हौसाबाई रुळांवर गेली. साहेब म्हणाला, दारावर फुली नव्हती. सोमवारी कॉस्मासला काढणार.

"मी मारलेली," तो ज्याला त्याला सांगत राहिला. "देवाशपथ मारलेली."

सेलेस्टीननं लुगडं सोडलं. पदराच्या मागल्या अंगाला पांढरी फुली.

ती बोलली नाही. लुगडं धुतलं. वाळल्यावर फुली परत होती. पुन्हा धुतलं.

"चिखलात लोळतेस काय गं रोज?" सासू करवादली. सेलेस्टीन हसली. सासूपुढे हसणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

रविवारी तिन्हीसांजेला कॉस्मास उंबऱ्यावर बसला होता. "मीच विसरलो असेन," तो हळूच म्हणाला. "माझ्याच हातानं मेली ती."

तेवढं मात्र तिला ऐकवेना. तिनं सगळं सांगितलं.

तो उंबऱ्यावरून उठला. मग म्हणाला, "दाखव."

ती अंगणात पाठमोरी उभी राहिली. त्यानं दिवा आणला, पदर बाजूला केला.

"लुगड्यावर नाही…"

"मग?"

"पाठीवर हाये. कातडीवर." त्यानं थुंकी लावून बोटानं घासलं. घासतच राहिला. शेवटी तो वळसा घालून तिच्यासमोर आला. "सेलेस्टीन… कुठं टेकू नको."

ती कुठंच टेकली नव्हती. मागं भिंत नव्हती, झाड नव्हतं. ओल्या मेथीचा वास आला.

मग दमलेल्या बाईनं टेकावं तसं, अगदी बिनघोर, कुणीतरी तिच्या पाठीला टेकलं.

आणि तिच्या छातीत खटका सरकला.