हळदीच्या गोदामातला बेस

छप्पन्न साली आम्ही देव सोडले आणि त्यांच्याबरोबर आमच्या वस्तीतली भुतंही कायमची गेली, असं मी जयंतीच्या भाषणात दरवर्षी ठासून सांगतो. टाळ्या पडतात. भाषण आटोपल्यावर मी घरी लांबच्या वाटेनं जातो. जवळच्या वाटेवर चिंचेचं झाड आहे आणि तिथं चिखल असतो. उन्हाळ्यातही असतो.

आमच्या गायन पार्टीचा मी सचिव. सूर-ताल मला कळत नाही, पण मी बी.ए. असून शाळेत विज्ञान शिकवतो. ज्याला काहीच येत नाही त्याला सचिव करावं, या रिवाजानं माझी निवड झाली. पेटीवर किशनराव, ढोलकीवर जळबा आणि गाणारा उत्तमराव. हा हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पोती उचलायचा. छाती अशी, की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या झोपलेल्या माणसाला जाग यावी.

आणीबाणी उठली त्या साली वसमतच्या कार्यक्रमाला नांदेडचा एक रेकॉर्डवाला आला. काळा चष्मा, गळ्यात मफलर, ऐन मे महिन्यात. कार्यक्रम संपल्यावर म्हणाला, "आवाज दमदार आहे. पण पार्टीत बेस नाही. बेस घालून टेप भरून द्या, पसंत पडली तर तुमचा तवा काढू."

आता ग्रामोफोनच्या तव्यावर आपला आवाज निघणार, याचा आनंद व्हायला हवा होता. पण परतीच्या एस.टी.त उत्तमराव खिडकीकडं तोंड करून बसला. औंढ्याला चहालाही उतरला नाही. हिंगोली जवळ आल्यावर म्हणाला, "सर, जवान व्हतो तवापासून गाऊन राहिलो. अन् ह्यो म्हणतो, बेस न्हाई? मंग लोकं काहून बसले व्हते, डास मारायला?"

आमच्याकडे बेस म्हणजे चांगलं. मी समजावून सांगितलं की इंग्रजीत बेस म्हणजे खालचा, जाड, घुमणारा आवाज. वरचा आवाज त्याच्यावर उभा राहतो.

"म्हंजे गाणं बेस हाय, फकस्त बेस न्हाई?"

"बरोबर."

"असं बोलायचं का न्हाई मंग मुडद्यानं!"

मग त्यानं मनातलं सांगितलं. पोती उचलून दम तुटत चालला होता, वरच्या पट्टीत आवाज चिरत होता. "पुढच्या जयंतीला ह्यो आवाज ऱ्हाईल का, कुणाला ठाव. तव्यात ऱ्हायला तर ऱ्हायला, सर. लेकरं ऐकतील."

आम्ही बेस शोधायला निघालो. एका बँडवाल्याकडं गळ्यात अडकवायचा पितळी भोंगा होता. जळबानं गाल फुगवून फुंक मारली. आतून आधी पारव्याचं पीस निघालं, मग आवाज. समोर रवंथ करणारी म्हैस उठून उभी राहिली. "ह्यो गाण्याला न्हाई, ट्रकला लावा," जळबा म्हणाला. मोठा ढोल पाहिला. तो उत्तमरावला झाकून टाकायचा, आणि उत्तमरावला झाकणारं काही घेणं शक्य नव्हतं. तबल्याचा डग्गा बरा वाटला.

टेप भरायची मशीनही निवडायची होती. शेतकी प्रचारवाल्यांची स्पूलची मशीन मिळण्यासारखी होती. आवाज भरदार, पण तिला वीज लागायची. माझ्या मेहुण्यानं हैदराबादहून कॅसेटचा टेप आणला होता, तो सेलवर चालायचा. हिंगोलीच्या विजेचा अभ्यास असल्यामुळं मी कॅसेट निवडली.

हे सगळं ठरत असताना किशनराव सहज बोलून गेला, "खरा बेस डफड्यात व्हता, बरं का."

जळबानं त्याला कोपरानं ढोसलं. उत्तमरावचा बाप रामजी हट्ट्याला, त्यांच्या गावी, गावकीचं डफडं वाजवायचा. लग्नात वरातीपुढं, मयतात तिरडीपुढं, पोळ्याला पाटलाच्या बैलापुढं. वाजवताना सगळ्यांच्या पुढं आणि जेवताना सगळ्यांच्या मागं. दीक्षा घेऊन आल्यावर त्यानं ते डफडं हळद शिजवायच्या चुलवणात घातलं आणि उत्तमरावकडून शब्द घेतला, की या घरातल्या कुणाच्या गाण्याला ते पुन्हा लागणार नाही. रामजी जाऊन बरीच वर्षं झाली. शब्द तसाच होता.

"चुकलं, उत्तमराव," म्हणत किशनरावनं कान धरला. डग्गा पक्का झाला.

टेप भरायला आम्ही अमावस्या निवडली. यात गूढ काही नव्हतं. अमावस्येला मोंढा बंद असतो. उत्तमरावच्या शेठनं हळदीचं गोदाम उघडून दिलं. भर दुपार होती. भिंतींना पत्र्यापर्यंत पोती लावलेली. हळदीची पोती आवाज खाऊन टाकतात. आत शिरलं की आपलाच खोकला दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या उतरल्या होत्या आणि त्यांत पिवळी धूळ तरंगत होती. जिभेवर कडवट चव बसत होती.

उत्तमराव गायला. जळबानं डग्गा धरला. मी बटण दाबून टेप ऐकवली.

डग्ग्याच्या खाली आणखी एक ठोका होता. जाड, कोरडा. दोन जवळ, एक लांब, मग मोकळी जागा.

"मशीनची मोटर," मी म्हणालो. विज्ञान शिकवणाऱ्याला काहीतरी म्हणावंच लागतं.

मी पद्धतशीर तपास केला. रिकाम्या गोदामाची टेप घेतली. नुसती फुसफुस आली. जळबाला गायला लावलं. ठोका नव्हता, सूरही नव्हता. मग उत्तमराव एकटा, वाद्याशिवाय. ठोका होता. टेप मागं फिरवून पुन्हा ऐकली. उत्तमरावनं तोंड उघडण्याच्या आधीच तो चालू झाला होता.

पुन्हा एकदा भरताना मी ऐन वेळी ओरडलो, "संथ नको, चलतीचं घ्या." टेपवर माझा आवाज यायच्या आधीच ठोक्यानं वेग धरलेला होता.

जळबा पोत्याला टेकून खाली बसला. "सर, ह्ये डफडं हाय."

उत्तमराव उठला. त्यानं माइकसमोरची पोती हलवून पाहिली. मागं भिंत होती.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डवाला हिंगोलीला आला. स्टेशनसमोरच्या हॉटेलात त्यानं टेप कानाला लावला आणि काळा चष्मा काढला. "हाच! अहो, हाच बेस. काय हात आहे! कोण वाजवतं?"

"आमच्या पार्टीत असा कुणी न्हाई," उत्तमराव म्हणाला.

"नाव नका सांगू. पण तो असला तर तवा निघेल. नुसत्या आवाजाला कोण विचारतं?"

उत्तमराव बशीतल्या चहाकडं बघत राहिला. चहावर साय धरली तरी बघत राहिला. मग म्हणाला, "मायला ऐकवून सांगतो."

अनुसयाबाईला डोळ्यांनी दिसायचं कमी. तिनं टेप मांडीवर घेतला, लेकरू घ्यावं तसा, आणि कान खाली नेला. बराच वेळ बोटानं गुडघ्यावर ठेका धरला. मग बोट थांबलं.

"लगनाचं न्हाई ह्ये. मयताचं हाय. तिरडीपुढं असंच वाजवायचे." तिनं उत्तमरावच्या दिशेनं तोंड केलं. "तू काहून गाऊन राहिला त्याच्यामागं, लेकरा?"

"माय, म्या पुढं गातो. त्ये मागून येतंय."

"न्हाई," म्हातारी म्हणाली. "डफडं पुढंच असतंय."

पुढच्या अमावस्येला आम्ही पुन्हा गोदामात गेलो. उत्तमराव म्हणाला, "एक डाव भरा, सर. ह्या वक्ती त्यो गप बसला तर तवा काढू. न्हाई बसला तर ऱ्हाऊ द्या. शब्द मी बापाला देलाय, रेकॉर्डवाल्याला न्हाई."

तो तेव्हा जसा गायला तसा मी त्याला कधी ऐकलं नाही. वरच्या पट्टीतही आवाज चिरला नाही. जळबाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मधल्या कडव्यात तो थांबला.

कुणाकडं न बघता त्यानं चपला घातल्या आणि दार लोटून बाहेर उन्हात गेला. टेप फिरतच होती.

आम्ही टेप लावली.

गाणं होतं. खाली ठोका होता.

गाणं थांबलं. ठोका थांबला नाही.

मग तो सरकू लागला. माइकपासून दूर, पोत्यांच्या मधल्या वाटेनं, दाराकडं.

पत्र्याचं दार करकरलं. ठोका बाहेर गेला.

त्यानंतर उत्तमरावच्या चपला वाजल्या.

जळबानं बटण दाबलं. दारात जाऊन तो बाहेर उभ्या उत्तमरावला एवढंच म्हणाला, "हाय."

"मंग ऱ्हाऊ द्या," उत्तमराव म्हणाला, आणि नळावर जाऊन तोंड धुतलं.

त्याला पुढं काही झालं नाही. अजून पोती उचलतो. आवाज मात्र त्यानं सांगितला होता तसा गेला. आता तो पार्टीत मागं बसून टाळी देतो. तवा दुसऱ्याच एका पार्टीचा निघाला, तो फारसा खपला नाही म्हणतात.

मशीन मी कॅसेटसकट मेहुण्याला परत केली. काटकसरी माणूस, त्यानं त्याच कॅसेटवर सिनेमाची गाणी भरून घेतली. मागच्या महिन्यात त्याच्याकडं जेवायला गेलो तेव्हा त्यानं ती कौतुकानं लावली. गाणी वेगवेगळ्या सिनेमांतली होती, ठेका मात्र सगळ्यांचा एकच होता. मेहुणा म्हणाला, स्वस्तातल्या कॅसेटीचं असंच असतं.