चंद्रावरच्या एका धावेचं मोल

शरयू सबनीससमोर आता दोनच नावं उरली होती. पृथ्वी आणि चंद्र इथल्या मुलांचा मिळून बेसबॉलचा एक संघ निघणार होता. शरयू त्याची कर्णधार, आणि निवडीसाठी ती चंद्रावर आली होती. जागा एकाच पिचरची (फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्याची) होती. साताऱ्याचा हृषीकेश तिचा बालवाडीपासूनचा मित्र; तो सामन्यात सरासरी चार धावा द्यायचा. चंद्रावरची इरावती द्यायची चौदा. यात विचार करण्यासारखं काय होतं?

तिचे आजोबा चंद्रावरच्या वसाहतीत शास्त्रज्ञ होते. नाव लिहिण्याआधी एक सामना बघ, असं म्हणून ते तिला मैदानावर घेऊन गेले.

घुमटाखाली पहिलाच फटका बसला आणि चेंडू वर गेला. वरच जात राहिला. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (वस्तूला खाली खेचणारी ओढ) पृथ्वीच्या एक षष्ठांश, त्यामुळे चेंडूला खाली यायची घाईच नव्हती. काचेपलीकडच्या निळ्या पृथ्वीसमोरून तो पांढरा ठिपका सावकाश सरकत गेला. शरयू बघतच राहिली. सामना संपला तेव्हा फलकावर तेवीस-अठरा असे आकडे होते.

आजोबांनी सांगितलं, की इथलं धावमान (एक संघ सामन्यात सरासरी किती धावा काढतो ते) वीस आहे. पृथ्वीवर ते पाच.

शरयूने मनातल्या मनात वजाबाकी केली. हृषीकेश पाचाऐवजी चार देतो, म्हणजे एक धाव वाचवतो. इरावती वाचवते सहा. मग ती त्याच्या सहापट चांगली?

"थांब," आजोबा म्हणाले. "धाव दोन्हीकडे सारखीच वजनदार आहे का, ते आधी बघ."

त्यांनी पडद्यावर दोन्हीकडचे शंभर-शंभर जुने सामने उघडले. प्रत्येक सामन्यात हरलेल्या संघाला शरयूने एकेक धाव वाढवून दिली. पृथ्वीवर चार-तीन असे निकाल फार. त्या एका धावेने कितीतरी सामने बरोबरीत आले. चंद्रावर मात्र तेवीस-अठरासारख्या ढिगात ती कुठल्या कुठे बुडून गेली. मग शरयू धावा वाढवत गेली. सगळ्या सामन्यांचा मिळून हिशेब केला, तर पृथ्वीवर साधारण दहा जादा धावांमागे एक विजय हाती लागत होता. चंद्रावर त्यासाठी तीस लागत होत्या.

दहा सामन्यांत हृषीकेश दहा धावा वाचवणार, म्हणजे एक विजय. इरावती साठ, म्हणजे दोन. सहापट नव्हे, पण दुप्पट. एवढ्याशा आकड्यामागे अख्ख्या पृथ्वीची किंवा चंद्राची ओढ दडलेली असते, हे शरयूला पहिल्यांदाच जाणवलं.

तिने इरावतीचं नाव लिहिलं आणि हृषीकेशला स्वतः फोन करून सगळं समजावून सांगितलं. चंद्रावरून आवाज जायला-यायला अडीच सेकंद लागतात. त्या दिवशी उत्तर यायला बराच जास्त वेळ लागला.

"मंगळावर मैदान बांधताहेत ना," शेवटी तो म्हणाला. "तिथे एका धावेचं मोल किती असेल गं?"

"अजून कुणालाच माहीत नाही," शरयू म्हणाली. "आधी कुणीतरी तिथे जाऊन खेळायला हवं."