तन्वीची हजेरी

तन्वी बाळंतपणात गेली त्याला दहा महिने झाले होते, तरी दर मंगळवारी ती बोरतळ्याच्या उपकेंद्रात लसीकरणाला हजर असायची.

वेदांत बाळाला घेऊन दारातल्या चौकटीखालून आत आला, की प्राजक्ता सिस्टरच्या टेबलावरचा पडदा उजळायचा : ‘तन्वी वेदांत सुरवसे. हजर. सुरक्षित.’ वेदांत ते वाचायचा, बाळाचं टोपडं सारखं करायचा आणि म्हणायचा, “पुढच्या मंगळवारी टोचू, सिस्टर.”

लसीच्या नोंदवह्या बंद होऊन वीस वर्षं झाली होती. पूर्वी सिस्टर लिहायच्या, तालुका बेरजा करायचा, आकडे जिल्ह्याला पोचेपर्यंत साथ येऊन गेलेलीही असायची. आता साक्षीदार लसीतच असे. लस टोचली की शरीरातल्या काही पेशी तो रोग ओळखायला शिकतात आणि लक्षात ठेवतात. नव्या लसीनं त्या पेशींवर माणसाचा क्रमांकही उमटे. या साक्षीपेशी. चौकटीखालून गेलं की कोण, कशापासून, किती सुरक्षित, हे त्या थेट जिल्ह्याला कळवत. बाळांना अशी लस नवव्या महिन्यात मिळे. तोवर कार्डावर नुसतं ‘बेबी ऑफ तन्वी’.

सिस्टरनी तन्वीच्या मृत्यूची नोंद तीनदा पाठवली. तीनदा परत आली : ‘व्यक्ती हजर आहे.’

शेवटी त्यांनी जिल्हा प्रयोगशाळेच्या डॉ. देवधरांना पडद्यावर बोलावलं. वेदांत शेजारीच बसला होता.

“पोटात असताना आईच्या थोड्या पेशी बाळात उतरतात,” डॉक्टर म्हणाले. “काही वर्षानुवर्षं तिथेच राहतात. तन्वीच्या साक्षीपेशी याच्यात आहेत. चौकटीला त्याच ऐकू येतात.”

“आणि याला लस दिली की?” वेदांतनं विचारलं.

“याच्या स्वतःच्या लाखो पेशी बोलायला लागतील. त्या गलक्यात तिचा आवाज बहुतेक हरवेल.”

वेदांत उठला. “मग नको.”

“बस खाली,” सिस्टर म्हणाल्या. “पलीकडच्या वाडीत गोवर आलाय. तीन पोरं तापानं फणफणलीत. आणि हे वाच.”

आज पडद्यावर ‘सुरक्षित’ नव्हतं. ‘संरक्षण कमी’ होतं.

“आईकडून मिळालेलं असंच ओसरतं रे. दहा महिने एकटीनं राखण केली तिनं. दमली आता. आणखी किती उभी ठेवणारेस?”

वेदांत बराच वेळ बाळाच्या मुठीतलं आपलं बोट सोडवत राहिला. बाळ काही सोडेना.

“नाव काय घालू?” सिस्टरनी हळूच विचारलं. “याला आता स्वतःचा क्रमांक मिळणार.”

“निहार. तिनंच ठरवलेलं. बारसं राहून गेलं.”

“मग होऊ दे आत्ताच.” सिस्टरनी बाळाच्या कानाशी तोंड नेलं, “निहार, निहार,” म्हणाल्या आणि सुई टोचली. निहारनं उपकेंद्र डोक्यावर घेतलं.

“आवाज आईचाच,” वेदांत डोळे पुसत म्हणाला. “मला बाजारातून हाक मारायची, ती अख्ख्या गावाला ऐकू जायची.”

नव्या पेशी शिकून तयार व्हायला तीन आठवडे लागतात. तिसऱ्या मंगळवारी सिस्टरनी डॉ. देवधरांनाही पडद्यावर बोलावून ठेवलं होतं. वेदांत बाळाला घेऊन चौकटीबाहेरच थांबला.

“सिस्टर, पडदा तुम्हीच बघा. मी नाही बघत.”

“ये रे आत, भित्र्या.”

चौकट वाजली. ‘निहार वेदांत सुरवसे. गोवर : सुरक्षित.’ सिस्टरनी सुस्कारा टाकला. वेदांतनं मान खाली घातली.

चौकट पुन्हा वाजली.

‘तन्वी वेदांत सुरवसे. गोवर : नवी मात्रा मिळाली. सुरक्षित.’

डॉक्टर पडद्यावर गडबडून गेले. “तिच्या पेशीही शिकल्या की! हे मी धरलंच नव्हतं.”

“म्हणजे हा शिकायला दूर गेला, तरी ती जाणार बरोबर?” वेदांत रडता रडता हसत होता.

“तुझ्यासारखीच हट्टी,” सिस्टर म्हणाल्या आणि तन्वीची नोंद पुरी करायला बसल्या. पुढची मात्रा : निहारच्या सोळाव्या महिन्यात. त्यापुढे सत्तर-ऐंशी वर्षांच्या तारखा आपोआप भरून आल्या. तन्वी मात्र तेवीसचीच राहणार होती. निहार एक दिवस तेवीस ओलांडणार, म्हातारा होणार, आणि तेव्हाही त्याला आईच्या लसीचं बोलावणं येत राहणार.

फॉर्मचा शेवटचा रकाना रिकामा होता : ‘सोबत कोण आले?’

त्यांनी टोपड्यातल्या त्या इवल्या तोंडाकडे पाहिलं आणि लिहिलं, ‘मुलगा.’