चंद्रसातली सावली

हेमगिरीच्या चित्रमहालातली पहिली फेरी सकाळी सातला सुटते आणि ती कुमुदताई इंगवल्यांची. तेहतीस वर्षं यात बदल झाला नव्हता. खाली गावात बस चालकाविना फिरू लागली, शेतांत यंत्रमानव भांगलणीला आले, पण सातच्या ठोक्याला महालाच्या पायरीवर कुमुदताईच उभ्या दिसायच्या, पायांत मऊ कापडी सपाता घालून. गाइडच्या पावलांचा आवाज होता कामा नये, अशी तिथली शिस्त होती.

त्या दिवशी फेरीत बाराजण होते आणि त्यांतली एक काही सहलीला आलेली नव्हती. डॉ. रुखसाना मुजावर ही मिरजेची प्रकाशशास्त्रज्ञ. तिचं यंत्र आदल्या दिवशीच महालात येऊन पडलं होतं. अधीक्षक मोघे तिला मागच्या जिन्याने थेट शेवटच्या दालनात न्यायला निघाले, तेव्हा ती म्हणाली, आधी लोक पाहतात तसा महाल पाहते, मग यंत्र लावते. कुमुदताईंना ही पोरगी तिथेच आवडली.

खरं तर त्यांना तिची धास्ती वाटायला हवी होती. महालाच्या नव्या विश्वस्तांनी ‘सप्रमाण कथन’ नावाचा नियम काढला होता. ज्याला कागदाचा किंवा शास्त्राचा पुरावा नाही, ते गाइडने बोलायचं नाही. पुढे जमलं तर गाइडच नको, प्रत्येकाच्या कानात कर्णकथक नावाचं बोलकं बटण बसवायचं, असाही त्यांचा बेत होता. कुमुदताईंच्या बोलण्यात बिनपुराव्याची गोष्ट एकच होती, पण फेरी उभी होती ती त्याच गोष्टीवर. रुखसाना तिचा निकाल लावायला आली होती. गोष्ट खोटी ठरली, तर तेहतीस वर्षं आपण लोकांशी खोटं बोललो, हा विचार कुमुदताईंना झोपू देत नव्हता.

तरी फेरी त्यांनी नेहमीसारखीच रंगवली. दरबार दालनात शिकारीचं चाळीस फुटी चित्र आहे. त्यात बावीस घोडे, आणि एकाचेही चारही पाय जमिनीवर नाहीत. हे सांगितलं की लोक मोजायला लागतात. न मोजता पुढे गेलेला माणूस कुमुदताईंनी अजून पाहिला नव्हता. रुखसानाने तर दोनदा मोजले. पुढच्या दालनात शिसवी छतावर एकशे आठ पोपट कोरलेले आहेत आणि त्यांतला एकच मान वळवून दाराकडे बघतो. दीडशे वर्षांपूर्वीचा कोण तो सुतार, त्याला त्या दिवशी दारात कुणीतरी दिसलं असणार, असं कुमुदताई म्हणायच्या आणि बाराही माणसं हटकून दाराकडे बघायची.

खेळण्यांच्या दालनात त्यांनी अक्कासाहेबांची हकिगत सांगितली. हिच्याबद्दल शंका नव्हती, सगळी दप्तरात नोंदलेली होती. राजकन्या अक्कासाहेबांची आई गेली तेव्हा त्या दीड वर्षाच्या होत्या, वडील गेले तेव्हा तेराच्या. अठराव्या वर्षी त्यांनी महाल रयतेला खुला केला आणि कैक वर्षं लोकांना तो स्वतः फिरून दाखवला. पुढे त्यांनी आपल्या हुजऱ्याला शिकवलं, हुजऱ्याने आणखी कुणाला, आणि असं करत ते काम अण्णा लाटकरांकडे आलं. अण्णा म्हणजे कुमुदताईंचे गुरू.

शेवटच्या दालनात शिरण्याआधी त्यांनी घड्याळ पाहिलं. तिथे पूर्वेच्या गवाक्षातून कोवळं ऊन रोज वीसच मिनिटं येतं आणि ते येईल तेव्हा फेरी तिथे हवी. त्यासाठी गाइडच्या खोलीत वर्षभराच्या वेळांचं कोष्टक टांगलेलं असतं. ऊन आलं आणि भिंतीवरच्या राणी गुणवंताबाई, अक्कासाहेबांच्या आई, उजळल्या. चित्र माणसाच्या उंचीचं, भिंतीवरच रंगवलेलं. अंजिरी शालू, मान किंचित वळलेली, कुणीतरी हाक मारली असावी अशी. नथीतले सात मोती म्हणजे नुसते सात पांढरे ठिपके, पण उन्हात ते ओले दिसतात. सगळ्या चित्रावर मधासारखी पिवळसर झाक आहे.  इतका वेळ मुलाखत घेतल्यासारखे प्रश्न विचारणारे एक गृहस्थ दोन पावलं पुढे सरकले.

इथे उभं राहायची रीतही निराळी. इतर चित्रांना गाइड पाठ करतो आणि लोकांकडे तोंड. राणीसरकारांना पाठ दाखवायची नाही. फरशीत एक काळा दगड आहे. त्यावर चित्राकडे तोंड करून उभं राहायचं, डावा हात कोपरात वाकवून नथीकडे न्यायचा, उजवा खाली, अंगापासून थोडा दूर, पंजा मोकळा. अण्णांनी शिकवताना पट्टीने कोपर सारखं केलं होतं. असं का, म्हणून विचारलं तर म्हणाले, मला असंच शिकवलं.

तशा उभ्या राहून कुमुदताईंनी ती गोष्ट सांगितली. राणीसरकार गेल्यावर खंडोजीराव महाराजांनी हे चित्र करवून घेतलं आणि पुढची अकरा वर्षं, स्वतः जाईपर्यंत, ते रोज सकाळी या दगडावर येऊन उभे राहिले. एकटे. एक शब्द न बोलता. मागे कुणीतरी नाक ओढलं. त्यांनी वळून पाहिलं नाही, पण ती रुखसाना असावी असं त्यांना वाटलं.

लोक गेल्यावर रुखसानाने यंत्र मांडलं आणि कुमुदताई व मोघे यांना समोर बसवून त्याचं काम समजावून सांगितलं. आधार होता महालाच्या एका जुन्या रीतीचा. दर दसऱ्याला राणीसरकारांच्या चित्रावर चंद्रसाच्या, म्हणजे एका झाडाच्या डिंकाच्या, रोगणाचा एक पातळ हात फिरतो. संस्थान गेलं, रीत राहिली. शंभर तज्ज्ञांनी नावं ठेवली, पण ती मोडायची हिंमत एकाही अधीक्षकाला झाली नाही. यंत्राने मोजल्यावर एकशे चौसष्ट थर निघाले.

“चंद्रस उन्हाने पिवळा पडतो,” रुखसाना म्हणाली. “ऊन लागलं तिथे जास्त, सावली पडली तिथे कमी. म्हणजे भिंत वर्षभर फोटो काढत बसलेली आहे. मी तिचे फोटो वाचते. आम्ही याला छायावाचन म्हणतो.”

“इथे वर्षाला लाखभर लोक येतात,” मोघे म्हणाले. “कुणाकुणाची सावली वाचणार?”

“त्यांची नाहीच वाचता येत. ते रोज वेगळे, उभे राहतात वेगळ्या जागी. त्यांच्या सावल्या एकमेकींत पुसून जातात. रोज त्याच वेळी, त्याच जागी, तसंच उभं राहणारं माणूस असेल तर तेवढं शिल्लक राहतं. कुठल्या दिवशी सूर्य कुठे होता ते ठाऊक आहे, म्हणून सावलीवरून माणूस काढता येतो.”

“पण महाराजांचं वर्ष कुठलं, हे कसं कळणार?” कुमुदताईंनी विचारलं.

रुखसानाला हा प्रश्न आवडलेला दिसला. ती म्हणाली की सगळ्यात खालच्या थराने स्वतःचं वर्षही पाहिलंय आणि नंतरची सगळी वर्षंही, कारण ऊन वरच्या थरांतून खाली झिरपतं. त्यातून लगेच वरचा थर वजा केला की ते एकच वर्ष उरतं. पण असे एकशे चौसष्ट थर सोडवायचे म्हणजे महिना लागणार. सगळ्या वर्षांची बेरीज मात्र ती चार दिवसांत देऊ शकत होती.

चार दिवसांनी पडद्यावर ती बेरीज उमटली आणि मोघे खुर्चीतून उठलेच. काळ्या दगडावर एक माणूस उभा होता. धूसर, पण माणूसच. चेहरा चित्राकडे, एक हात उचललेला. मोघ्यांनी तिथल्या तिथे विश्वस्तांना कळवलं, पितळी पाटीचा मजकूरही सुचला त्यांना. “अभिनंदन, कुमुदताई,” ते म्हणाले, “तुमची गोष्ट आता शास्त्राने सिद्ध झाली.”

कुमुदताईंना आनंदाने रडू येईल असं वाटलं, आणि नेमकं तेव्हाच त्यांचं लक्ष त्या सावलीच्या कोपराकडे गेलं. पट्टीने सारखं केलेलं ते कोपर त्यांनी कुठेही ओळखलं असतं. गप्प बसलं असतं तर गोष्ट जन्मभरासाठी खरी झाली असती. पाटी लागली असती, कर्णकथकाचा बेतही बारगळला असता. त्यांना कुणी काही विचारतही नव्हतं. पण दिवसातून चार वेळा त्या दगडावर जायचं आणि राणीसरकारांच्या तोंडाकडे बघून बोलायचं, हे त्यांना जमलं नसतं.

“हे महाराज नाहीत,” त्या म्हणाल्या. “ही मी आहे.”

त्या जाऊन दगडावर उभ्या राहिल्या. रुखसानाने पडद्यावरची सावली त्यांच्या आकृतीवर आणली. उंचीत फरक पडला, कोपर आणि बोटं तंतोतंत जुळली. आपली तेहतीस वर्षं, अण्णांची एकोणतीस, त्यांच्याआधीच्यांची किती कोण जाणे, असं कुमुदताई म्हणाल्या. सगळ्यांची सकाळची पहिली फेरी उन्हाच्या वेळेला इथेच. एकशे चौसष्टांत महाराजांची वर्षं अकरा, ती या गर्दीत कुठे दिसणार?

“हे माझ्या लक्षात यायला हवं होतं,” रुखसाना म्हणाली.

“ताई, तुम्हाला कुणी विचारलं होतं का?” मोघे पुटपुटले, आणि विश्वस्तांना पुन्हा फोन करायला बाहेर गेले.

त्यानंतरचा महिना वाईट गेला. कुमुदताई फेरी करायच्या, पण राणीसरकारांसमोर शालूच्या रंगाखेरीज बोलायच्या नाहीत. हात आपोआप वर जायचा, तोंडातून गोष्ट निघायची नाही. लोकांना वाटायचं, बाई विसरल्या.

महिन्याने रुखसाना स्वतःच आली. डोळे तारवटलेले, पण चेहऱ्यावर काहीतरी दडवल्याची खूण. आधी तिने वरचे थर दाखवले. कुमुदताई, त्यांच्याखाली उंच, सडपातळ अण्णा, मग एक फेटेवाला, मग एक पाठीत वाकलेला. माणसं बदलत होती, उभं राहणं बदलत नव्हतं. डावा हात वर, उजवा खाली, अंगापासून दूर. कुमुदताईंनी अण्णांना ओळखून नकळत पदर सावरला.

“आता तळापासून वर येऊ,” रुखसाना म्हणाली. “पहिला थर. चित्र काढलं त्यानंतरचं पहिलं वर्ष.”

दगडावर पागोटं घातलेला माणूस उभा होता. डावा हात नथीकडे. उजव्या कुशीला मात्र आकार वेगळाच, जाडसर. मोघ्यांना वाटलं, यंत्राचा दोष.

“कडेवर मूल आहे,” कुमुदताई म्हणाल्या.

दुसऱ्या थरातही ते कडेवर होतं. तिसऱ्यात ते खाली उतरलं. महाराजांच्या शेजारी एक बुटकी सावली उभी राहिली, आणि तिच्यापर्यंत पोचायला महाराजांचा उजवा हात खाली, बाहेर गेलेला. चौथ्या थरात ती सावली चार बोटं वाढली. पाचव्यात आणखी. रुखसाना एकेक थर पुढे करत होती आणि मूल वाढत होतं, कमरेशी आलं, कोपराशी आलं, खांद्याशी आलं. अकरा वर्षं महाराजांनी डाव्या हाताने दाखवलं आणि उजव्याने मुलीला धरून ठेवलं. मोघ्यांनी चष्मा काढला तो पुन्हा घातलाच नाही.

“तिला आईचा चेहरा आठवत नव्हता,” कुमुदताई म्हणाल्या.  “दीड वर्षाचं लेकरू. महाराज इथे रडायला येत नव्हते. तिला तिची आई दाखवायला येत होते. एकटे नव्हते ते, आणि गप्प तर मुळीच नव्हते.”

म्हणजे गोष्ट चुकीचीच होती. त्यांनी ते तिथल्या तिथे कबूल केलं. तोंडाने इतकी वर्षं आपण चुकीचं सांगितलं, हाताने तेवढं बरोबर दाखवत आलो.

“अजून एक थर आहे,” रुखसाना म्हणाली. “बारावा. महाराज गेल्यानंतरचं वर्ष.”

दगडावर एकच सावली होती, लहान. तेरा वर्षांची मुलगी रोज सकाळी उन्हाच्या वेळेला तिथे येत होती. तिने डावा हात नथीकडे उचलला होता. उजवा तिने खाली, अंगापासून दूर धरला होता, मोकळा. वडील जसे उभे राहत तशीच ती उभी होती, आणि त्या हातात काहीच नव्हतं.

 मग मोघ्यांनी विश्वस्तांना द्यायचा अहवाल समोर ओढला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं की कर्णकथकाची सावली पडत नाही, सबब तो या महालात चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी सातच्या फेरीला नऊजण होते. घोडे मोजले गेले, सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. ऊन आलं तेव्हा कुमुदताई दगडावर उभ्या होत्या. त्यांनी नवी गोष्ट सांगितली, कडेवरच्या मुलीपासून तेराव्या वर्षापर्यंत, आणि आधी आपण काय चुकीचं सांगत होतो तेही सांगून टाकलं. डावा हात नथीकडे गेला. उजवा शिकवल्याप्रमाणे खाली, थोडा बाहेर. सगळी वर्षं तो हात असाच लोंबता ठेवायची त्यांना सवय होती. आज त्याची बोटं सावकाश मिटली, लहान मुलाचा हात घट्ट पण दुखणार नाही इतपत धरावा तशी, आणि ऊन जाईपर्यंत त्यांनी ती सोडली नाहीत.