सत्तेचाळीस नंबरची हजेरी

आता कॉलेजात प्रॉक्सी मारणं म्हणजे काही पाप नाही. मैत्रीण झोपून राहिली, तिचा नंबर पुकारला, की मान खाली घालून आपणच "येस सर" म्हणायचं. नांदेडला विष्णुपुरीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातही हेच चालायचं. म्हणून लुंबिनीला आधी भीती वाटलीच नाही. उलट तिचा जीव भांड्यात पडला.

लुंबिनी मुखेडची. वडिलांचं नाव निवृत्ती, एसटीत कंडक्टर. मराठी शाळेत कायम पहिली आलेली पोर, पण इथं फळ्यावरचं इंग्रजी धडाधड पुढं पळायचं आणि हिच्या वहीत नुसती तारीख. सरांनी काही विचारलं की ही वहीत डोकं खुपसायची. शेवटी तिनं वर्गात जाणंच सोडलं. होस्टेलच्या खोलीत भर दुपारी चादर तोंडावर ओढून पडायची. फोनवर मात्र, "हाव बाबा, लई चांगलं चालू हाय." फोन ठेवला की ढसाढसा रडायची.

मग डिफॉल्टरांची यादी लागली. पंचाहत्तर टक्के हजेरी नसली की परीक्षा गेली, वर पालकांना बोलावणं. ती पाय ओढत बोर्डाशी गेली. यादीत तिचा सत्तेचाळीस नंबर नव्हताच. ऑफिसात विचारलं, तर हिची हजेरी अठ्ठ्याण्णव टक्के!

"माझी प्रॉक्सी कोण मारून राहिलंय गं?" तिनं वर्गातल्या तनुजाला विचारलं.

तनुजा हसली. "प्रॉक्सी कशाला? तू तर रोज असतेस पहिल्या बाकावर. काल मला गणित कोणी समजावलं मग?"

बाई गं, तिथंच जागं व्हायला पाहिजे होतं! पण थकलेल्या माणसाला आयतं मिळालेलं सोडवत नाही. कोण का असेना, माझं काम होतंय ना, म्हणत ती परत जाऊन झोपली. आणखी महिनाभर झोपली. तिची चूक झाली ती एवढीच.

हळूहळू घरचे फोन बंद झाले. मेसच्या सुमनबाई ताट देईनात. "आत्ताच जेवून गेलीस की पोरी," म्हणायच्या. पुढं पुढं तर त्या हिच्याकडं नवख्यासारखं बघायला लागल्या. तेव्हा कुठं लुंबिनी घाबरली. एका बुधवारी सकाळी ती धावतच वर्गाच्या दारात गेली.

वर्गात लख्ख ऊन होतं. खडूच्या भुकटीचा वास होता.

"फॉर्टी सेव्हन?"

लुंबिनीनं तोंड उघडलं. पण तिचा आवाज पहिल्या बाकावरून आला, स्वच्छ, न घाबरलेला. "येस सर." तीच वेणी, तोच हिरवा कुर्ता. मान वळली नाही. नुसतं पेन भराभर चालत राहिलं. सरांनी दाराकडं पाहिलं.

"आपण कोण? कुणाला भेटायचंय?"

लुंबिनी पळत सुटली. दर बुधवारी बाबा मुखेडच्या गाडीवर असायचे, नांदेडच्या स्टँडवर तिला डबा द्यायचे. त्यांचे पाय धरायचे. सगळं खरं सांगायचं. नापास झाले तरी चालेल बाबा, पण मला घरी न्या, एवढंच म्हणायचं. दुसरं कोण होतं तिला?

गाडी सुटायच्या बेतात होती. ती चढून दाराजवळच्या सीटवर बसली. गाडीत दुसरं कुणी नव्हतं, नुसता डिझेलचा वास. निवृत्ती तिकिटाचं मशीन घेऊन आले.

"कुठं जायचं, ताई?"

"बाबा... मी आहे. लुंबिनी..."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. 

"असं नका म्हणू, ताई. माझी पोरगी कॉलेजात हाय. आत्ताच डबा घेऊन गेली ती."

"बाबा, नीट बघा ना माझ्याकडं... पाया पडते तुमच्या..."

ते खाली वाकून तिचा चेहरा बघू लागले. मग आवाज अगदी खाली घेऊन म्हणाले, "मागल्या बुधवारी बी एक पोरगी चढली होती. याच सीटवर. अशीच रडत होती, बाबा बाबा म्हणत..."

"कोण होती ती? कुठं... कुठं उतरली?"

निवृत्तींनी न बघताच घंटीची दोरी ओढली. गाडी हलली, दार बंद झालं.

"उतरलीच न्हाई, ताई. मुखेडपस्तोर मी दारातच उभा होतो. तिथं वळून बघतो, तर सीट रिकामी."