फरशीतला तितर

ईस्टरच्या सुट्टीचा पहिलाच दिवस. टेकडीखालच्या पडक्या रोमन हवेलीत, खड्यांच्या चित्रांची फरशी थंडीत फुटू नये म्हणून हिवाळ्यापुरती अंथरलेली वाळू काढायचं काम चाललं होतं. बिसेरा हलक्या हाताने कोपरा झाडत होती. रंगीत खड्यांचं हरण निघालं, द्राक्षवेल निघाला. तितराच्या जागी मात्र नुसता खड्डा.

तिचे आजोबा, हवेलीचे राखणदार नाउम, वाकून खड्ड्यातली वाळू चाचपू लागले.

“किल्ली तुमच्याकडेच होती ना?” नव्या अधिकारी स्लावकाबाई म्हणाल्या. “तितर सापडला नाही तर संध्याकाळी पोलिसांना कळवावं लागेल.”

“माझे आजोबा चोर नाहीत,” बिसेरा म्हणाली.

“मी कुठं म्हटलं? पण नोकरी जाईल त्यांची.”

दुपारी आजोबांनी मुरवलेल्या कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून शिजवला. आजी गेल्यावर त्यांनी एकट्याने मिठाच्या पाण्याच्या पिंपात मुरत घातलेला हा पहिलाच कोबी. मामेभाऊ ग्लिगोर पहिल्याच घासाला कळवळला.

“दात पडला माझा.”

“दात निळा असतो का रे?” बिसेराने त्याच्या हातातला तुकडा धुतला. “तुझा असेलही म्हणा, तू घासतोस कुठं?”

पण तो चौकोनी खडा होता. सकाळभर तिने असेच खडे झाडले होते.

“आजोबा, कोबीवर वजन म्हणून काय ठेवलंय?”

“दगड. तुझ्या आजीचा कुठं गेला कोण जाणे. हवेलीच्या शेडमधून एक सपाट आणला.”

तिघांनी तळघरात जाऊन तो खाऱ्या पाण्यातून उचलला. वरून करडा चुना. खालच्या बाजूला कापड अर्धवट सुटून लोंबत होतं आणि त्याच्याआड तितराची मान दिसत होती.

बिसेरा धावत जाऊन स्लावकाबाईंना घेऊन आली, आणि त्यांनी आपल्या आधीच्या साहेबांना फोन लावला. शरद ऋतूत तो भाग सुटायला लागला, म्हणून वाळू घालण्याआधी त्यांनीच, खडे विखरू नयेत म्हणून वरून कापड चिकटवून, तो उचलला होता आणि शेडमध्ये पालथा ठेवला होता. मग त्यांची बदली झाली आणि सांगायचं राहिलं.

“म्हणजे आजोबा, तुम्ही तितराचं लोणचं घातलंत,” ग्लिगोर म्हणाला.

आजोबा हसता हसता डोळे पुसू लागले. “तुझी आजी असती तर तिने हा दगड उंबऱ्याच्या आत येऊ दिला नसता.”

“पोरांनो, तुमच्यामुळे मी वाचले,” स्लावकाबाई म्हणाल्या. “नाहीतर एका भल्या माणसावर आळ घेतला असता.”

पिंपातलं पाणी गाळून खडे वेचले. तितराचा एक पाय अजून जुळवायचा राहिला आहे.